एकतीस नंबरच्या प्लेटी

४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मिळालंच नाही असं सांगणार होते, पण पोस्टमनच्या हातून ते सासूबाईंनीच घेतलं, आणि माझ्याकडे देण्याआधी दोनदा छातीशी धरलं. त्यामुळे तीही सोय राहिली नाही.

फोन का उचलत नाही म्हणून विचारतेस. अगं, तुझं ते 'वहिनी' कानावर पडलं की माझ्या तोंडात आपोआप साखर येते. मग मी काय काय बोलत सुटते, आणि फोन ठेवल्यावर मलाच माझी लाज वाटते. पत्रात निदान हात थांबवता येतो.

इकडे सगळे ठीक. यांचा गुडघा पुन्हा धरलाय, म्हणून हल्ली घरी बसून मला घर कसं चालवावं ते शिकवतात. सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर पहिलं वाक्य काय, तर 'धाकटीचा फोटो आणा, बघू बारीक झालीय का.' समोर मी उभी होते. मीही बारीक झालेय, पण ते असो. मागच्या अंगणात फरशी घातली. खताचा ढीग काढला, नासपतीचं झाडही काढलं. पानं फार पडायची आणि ती झाडायला मीच होते. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

आता कामाचं. प्रयोगशाळेतला मोठा फ्रीजर शेवटचे आचके देतोय. नवीन येणार तो लहान. म्हणून मोठ्या बाईंनी फर्मान काढलंय, की जिवाणूंच्या ज्या नळ्यांना मालक नाही त्या ३१ ऑगस्टनंतर वाफेच्या भांड्यात घालून मारून टाकायच्या. तुझ्या एकतीस नंबरच्या सहा नळ्या आहेत. बाई म्हणाल्या, 'तुमच्या जाऊबाईंना विचारा. ठेवायच्या असतील तर दोन ओळी लिहून पाठवू दे, नको असतील तरी सही हवी.' सोबत कागद पाठवतेय.

आणि नेमकं त्याच सुमाराला तुझं पत्र! तुमच्या गावातली ती संस्था तुला दोन वर्षं जागा द्यायला तयार आहे, विषय तुझा तू आणायचा, ३१ ऑगस्टपर्यंत कळवायचं. दूध तपासायच्या कारखान्यातून सुटका होईल. आणि तू मलाच विचारतेस, 'वहिनी, मोजलं तुम्ही होतंत. खरं सांगा, एकतीसमध्ये काही होतं का? तुमच्या डोळ्यावर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.'

परवा चहा पिताना यांनी तुझं पत्र वाचलं आणि विचारलं, 'काय गं असतं हे एकतीस?' बावीस वर्षं मी त्या प्रयोगशाळेत जातेय, आणि या गृहस्थांनी पहिल्यांदा विचारलं. तेही तुझ्या पत्रावरून. सांगितलं बापडीनं. म्हटलं, आमच्याकडे मिलिमीटरभर लांबीचे कृमी असतात, काचेसारखे आरपार दिसणारे. झाकणाच्या एका चपट्या प्लेटीत जन्मतात, तिथंच म्हातारे होतात, तीन आठवड्यांत खेळ खलास. माणसाच्या म्हातारपणाबद्दल जे माणसावर करून बघता येत नाही ते त्यांच्यावर करतात. कित्येक पिढ्या त्यांना एकाच जातीचे जिवाणू खायला घालतोय, दवाखान्यातल्या जेवणासारखं. धाकटी म्हणाली, उकिरड्यावर जगणाऱ्या कृमींच्या पोटात तर शेकडो जातींचे जिवाणू असतात, ते काय करतात ते बघू. म्हणून तुमच्या आईच्या खताच्या ढिगातली सडकी नासपती नेली, त्यातले कृमी पकडले, त्यांच्या आतड्यातून जिवाणू काढले. एकतिसावी जात प्रयोगशाळेतल्या कृमींना खायला घातली, तर ते पाच-सहा दिवस जास्त जगले.

'मग?' म्हणाले.

मग काय. खात्रीसाठी पुन्हा केलं, त्यात काही फरक निघाला नाही. प्रयोग बंद. 'अरेरे,' म्हणाले आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेच. मोजलं ते मोजलं. कागद तुझ्याकडे आहेत, आकडे त्यावर आहेत. एकदा हात पोळल्यावर पुन्हा त्याच तव्याला हात कशाला लावायचा? दुसरा साधा, सरळ विषय घे. नाहीतर दुधाची नोकरी काय वाईट आहे? वेळेवर घरी तर येतेस.

धाकट्या भावजींना सांग, आईला फोन करत जा. तुझा फोन आला की त्यांना त्यांच्या मुलाचीही आठवण राहत नाही, हा भाग वेगळा.

तुझी,
वहिनी


२९ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तू इतकं ऐकतेस कशी गं माझं?

तुझं उत्तर आठ दिवसांत हजर. कागदावर सही, नळ्या टाकून द्या. संस्थेलाही नको म्हणून कळवणार. वर लिहितेस, 'तुम्ही सांगितलंत, आता मनात किंतु नाही. उगाच आशा लावून बसले होते.' आणि शेवटी माझे आभार! तीनदा वाचलं मी ते पत्र. तिसऱ्यांदा वाचून इतका संताप आला की कणकेचा गोळा आपटला. सासूबाई आतून म्हणाल्या, 'काय पडलं?' म्हटलं, काही नाही.

जरा भांडायला हवं होतंस. 'वहिनी, पहिल्या वेळी एवढा फरक आणि दुसऱ्या वेळी शून्य, असं कसं?' एवढं तरी विचारायचंस. मोठ्या बाईंनी विचारलं नाही, तू विचारलं नाहीस. 'वहिनींनी मोजलंय ना? मग झालं.' मी काय देव आहे?

तुला एक जुनी गोष्ट सांगते. यांनाही सांगितलेली नाही.

पंधरा वर्षांपूर्वी, तू या घरात यायच्या कितीतरी आधी, मी तो ढीग उलटत होते. सडक्या नासपतीवर काहीतरी वळवळताना दिसलं. आपल्या डोळ्याला सवय असते, बाकीच्यांना ते दिसणार पण नाही. डब्यात घालून नेलं. जेवणाच्या सुट्टीत मायक्रोस्कोपखाली धरलं, तर आपलेच कृमी! पण काय तुकतुकीत, काय चपळ. आमचे त्यांच्यापुढे आजारी वाटावेत. पोटात काहीतरी भरलेलं, हलणारं. मी धावत गेले तेव्हाच्या सरांकडे. म्हटलं, सर, हे बाहेरचं खाऊन जास्त चांगले दिसतायत, बघता का? सरांनी बघितलंही नाही. म्हणाले, 'बाई, तुमचं काम प्लेटी स्वच्छ ठेवायचं, आणि तुम्ही उकिरडा आत आणताय? फेका ते.' मागे दोघे-तिघे हसले.

फेकलं. त्यानंतर किती फेकलं त्याला गणती नाही. कुठल्या प्लेटीत भलता जिवाणू उगवला की फेक. माझं नावच त्यावर झालं. 'यांच्या हातची प्लेट म्हणजे डोळे मिटून घ्यावी.' आणि मग तू आलीस. मीच बाईंना सांगून तुला तिथं चिकटवलं, आठवतं ना? कृमी उचलायची तार कशी धरायची ते मी शिकवलं. चौथ्या महिन्यात तू तोच ढीग उकरलास, त्याच झाडाची नासपती आणलीस, आणि सगळे तुझ्याभोवती गोळा झाले. 'काय कल्पना आहे!' मोठ्या बाई म्हणाल्या. मी कोपऱ्यात प्लेटींत जेली ओतत होते. कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात, ते मला तेव्हा पुरतं कळलं.

पोटात दुखलं माझ्या. झालं, लिहिलं एकदाचं.

आता कान देऊन ऐक. तुझा सहीचा कागद मी बाईंना दिलेला नाही. माझ्या डब्याच्या पिशवीत आहे. संस्थेला नकार कळवला नसशील तर कळवू नको. कळवला असशील तर 'थोडं थांबा' म्हणून लिही. ३१ ऑगस्टला अजून वेळ आहे. का ते आत्ता विचारू नको, मी सांगणार नाही. नेहमी ऐकतेस ना माझं? मग हेही ऐक.

सासूबाई विचारतायत, पत्रात माझं नाव घातलंस का. घातलं, म्हटलं.

वहिनी


१७ ऑगस्ट

धाकटे,

आज आशीर्वाद लिहीत नाही. ते द्यायला आपलं तोंड स्वच्छ असावं लागतं.

परवा सासूबाईंनी तुला फोन केला. मी स्वयंपाकघरात होते, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून तुझा आवाज त्या मोठा करून ठेवतात, तो मला तिथपर्यंत ऐकू आला. 'आई, वहिनींना सांगा, मला फार फार आनंद झाला. मला वाटायचंच, माझ्या हातून काहीतरी राहिलं असणार. त्यांनी केलं म्हणजे नीटच झालं असणार.' आणि तू हसलीस. ते हसू काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून आता सगळं लिहिते, पहिल्यापासून.

तुझ्या त्या दुसऱ्या वेळच्या प्रयोगात प्लेटींवर अक्षरं होती. कुठल्या अक्षरात एकतीस आणि कुठल्यात नेहमीचे जिवाणू, ते फक्त मोठ्या बाईंना ठाऊक. मोजणाऱ्याला कळू नये म्हणून एवढा खटाटोप. दिसायला दोन्ही सारखेच. पण अगं, बावीस वर्षं मी प्लेटींची झाकणं उचलतेय! पहिल्याच दिवशी झाकण उचललं आणि वास आला. फार पिकलेल्या फळाचा, अगदी पुसट. बाकी कुणाला आला नसता. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं, 'बाई, मला ओळखू येतंय, दुसऱ्या कुणाला तरी बसवा.' नाही सांगितलं. सांगितलं असतं तर मोजायला दुसरं माणूस आलं असतं, आणि तेवढा एक मान माझा होता.

तरी पहिले अकरा दिवस मी नीट मोजलं. देवाशपथ.

बाराव्या दिवशी तू सासूबाईंना घेऊन आलीस. तोवरच्या इतक्या वर्षांत त्या एकदाही तिथं आल्या नव्हत्या. शेजारणीला सांगायच्या, 'थोरली किडे मोजते.' तू त्यांना स्टुलावर बसवलंस, मायक्रोस्कोप लावून दिलास, 'आई, हे बघा, तुमच्या ढिगातलं!' त्या किती वेळ बघत राहिल्या. तोंडाला पदर लावून हसत होत्या लहान मुलीसारख्या. ती प्लेट मी ओतलेली होती, त्यातले कृमी मी उचलून ठेवलेले होते. आणि मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'अगं, तू इतकी वर्षं हेच बघत होतीस ना? मग तुला कसं नाही दिसलं?'

तू पटकन म्हणालीस, 'नाही हं आई, वहिनींनी तर मला सगळं शिकवलं.' तुझी ती दया मला जास्त लागली. त्यांच्या बोलण्यापेक्षाही.

तुम्ही दोघी गेलात आणि मी मोजायला बसले. कृमी म्हातारे झाले की पडून राहतात, जिवंत की मेले कळत नाही. म्हणून नियम आहे, तीनदा तार लावायची. शेपटीला, पोटाला, तोंडाशी. दर वेळी थांबायचं. तिन्ही वेळा काही हललं नाही तरच मेला म्हणायचं. तुला मीच शिकवलं होतं. त्या दिवशी वासाच्या प्लेटींमध्ये मी एकदाच तार लावली. हलला नाही? मेला. उचलला, तार ज्योतीत धरली, जाळला. पुढचा. वास नसलेल्या प्लेटींमध्ये तीनदा लावत होते, नेमानं.

दुसऱ्या दिवशीही तेच केलं. शेवटपर्यंत तेच केलं.

एकदा तार ज्योतीकडे नेताना टोकावरच्या कृमीनं डोकं वळवलं. मी बघितलं. हात मागे घेता आला असता. घेतला नाही. तोच एक असता तर मी स्वतःला चुकून झालं म्हटलं असतं. असे किती होते विचारशील, तर मोजणारी मी, पण ते मोजले नाहीत.

मग आकडे सारखे आले. बाई म्हणाल्या, पहिल्या वेळचा निकाल योगायोग असावा. तुझी मुदत वाढली नाही. तू बाथरूममध्ये जाऊन रडलीस आणि बाहेर आल्यावर मला म्हणालीस, 'वहिनी, तुम्ही किती राबलात माझ्यासाठी.' महिन्याभरात तुम्ही दोघं गाव सोडून गेलात. घर रिकामं झालं. सासूबाई माझ्याकडे वळतील असं मला वाटत होतं. त्या खिडकीकडे वळल्या.

तो ढीग आणि झाडही मी पानांसाठी काढलं नव्हतं. तेही आता कळलंच असेल तुला.

जूनमध्ये तुझा सहीचा कागद आल्यावर मात्र मला चैन पडेना. नळ्या तशाच वाफेत गेल्या असत्या, तू दूध तपासत राहिली असतीस, आणि जगात कुणालाच काही कळलं नसतं. तेच मला सहन होईना. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी एक नळी काढली. जेवणाची सुट्टी आणि संध्याकाळचा तास, एवढ्यात सगळं मांडलं. पन्नास पन्नास कृमी, चार चार प्लेटी. आणि वासाचं काय? तर नाकाला सर्दीचं मलम फासलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे विचारायला लागले, बाई, सर्दी जात नाही का तुमची.

प्लेटींवर अक्षरं कुणी घालायची? रविवारी यांना गुडघ्यासकट घेऊन गेले. म्हटलं, मी बाहेर उभी राहते, या प्लेटींवर हवी ती अक्षरं चिकटवा आणि कशावर काय ते कागदावर लिहून तुमच्या पाकिटात ठेवा. मला दाखवू नका, मागितलं तरी देऊ नका. हे म्हणाले, 'एवढं कशाला? तुझ्यावर कोण अविश्वास दाखवतंय?' म्हटलं, मी. ते आत जाऊन कामाला लागले. अक्षरं मात्र वाकडी चिकटवली.

रोज मोजलं. प्रत्येकाला तीनदा. म्हाताऱ्या कृमीसमोर बसून राहायचे, आणि कधी तिसऱ्यांदा तार लावल्यावर डोक्याचं टोक इतकंसं हलायचं, की मी वहीत 'जिवंत' लिहायचे. शेवटचा गेला तेव्हा यांच्या पाकिटातला कागद उघडला. नेहमीचे सरासरी एकोणीस दिवस. एकतीसवाले पंचवीस.

तुझं खरं होतं. पहिल्यापासून खरं होतं.

इथं थांबून तुला लिहिलं असतं तर मी निदान अर्धी तरी बरी बाई ठरले असते. पण दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंनी कपाट उघडलं आणि त्यांना प्लेटी दिसल्या. 'या कुणाच्या?' मी म्हटलं, 'माझ्या.' तसं खोटंही नव्हतं ते. त्यांनी वही चाळली आणि त्यांचा चेहराच बदलला. मला खुर्चीवर बसवलं गं! म्हणाल्या, 'बावीस वर्षांत तुम्ही स्वतःचं काही केलं नाहीत, आणि केलंत ते हे! आधीच्या वेळी जिवाणू नीट वाढले नसतील. नवीन होत्या त्या, हात बसला नसेल. हे आपण छापायचं. नाव पहिलं तुमचं.'

मी मान हलवली. तुझा हात बसला नव्हता, यावर मी मान हलवली.

चार दिवस ते काम माझं होतं. घरी सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं, उठल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली माझ्या, आणि हा पहिला स्पर्श. दुसऱ्या दिवशी शेजारणीला कुंपणावरून सांगत होत्या, 'आमची थोरली शोध लावते.' मला वाटायचं, हे ऐकलं की माझं पोट भरेल. ताटावरून उठले मी तशीच. ज्यासाठी तुझं घर उठवलं ते हातात आलं होतं, आणि ते चोरीचं होतं.

मग त्यांनी तुला फोन केला, आणि तू हसलीस.

म्हणून आता हे कर. संस्थेला आजच कळव, विषय एकतीस नंबर. पाच नळ्या अजून फ्रीजरमध्ये आहेत. तुझा तो टाकून देण्याचा कागद मी फाडला, नवीन पाठवतेय, त्यावर 'माझ्या आहेत, पाठवून द्या' एवढं लिही. माझ्या मोजणीच्या वहीची प्रत सोबत आहे. त्यावर माझं नाव घालू नको. दुसऱ्या वेळचे आकडे खोटे का होते, ते एका कागदावर सही करून लिहिलंय, तोही सोबत आहे. तो हवा त्याला दाखव.

उद्या दहा वाजता मी बाईंकडे जाणार आणि तेच सांगणार. पत्र आधी टाकते. उलटं केलं तर बाई मला समजावतील, की झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला उकरता, आणि मी लगेच समजून घेईन. स्वतःला ओळखते मी. त्यानंतर तिथं मला कुणी मोजायला बसवणार नाही. ओतायला देतील की नाही, तेही ठाऊक नाही. बावीस वर्षांतली माझी प्रत्येक वही आता लोक संशयानं उघडतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

मला माफ कर म्हणत नाही. ते मागायला मन निवळावं लागतं, आणि माझं निवळलेलं नाही. तू तिथं कामाला लागशील, नाव होईल, मोठ्या बाई सगळ्यांना सांगत सुटतील की ही आमच्याकडची. तेव्हा मी जळेन. आत्ता लिहितानाही जळतेय. फक्त त्या जळण्यापायी पुन्हा तार हातात धरणार नाही.

सासूबाईंना मघाशी सांगितलं, सगळं. फरशीसुद्धा. मला वाटलं ओरडतील.  तर म्हणाल्या, 'लिहून झालं का?' म्हटलं, होत आलं. आता दारात चपला घालून उभ्या आहेत. पत्र टाकायला मी निघाले होते, तर म्हणाल्या, 'तू नको. तुझ्या हातावर माझा भरवसा नाही. मी टाकते.' डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या एकट्या रस्त्यावर गेलेल्या नाहीत. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाल्या. माझ्याकडे बघत नाहीत, नुसता हात पुढे केलाय.

'तुझी वहिनी' लिहायला हात होत नाही. तू पुन्हा तसं म्हणेपर्यंत, आणि नाही म्हणालीस तरी,

थोरली